बांधावरची भांडणं

गेले दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही. पहिल्या शनिवारी रिलीज होतं. (रिलीज नेहमी शुक्रवारी रात्रीच का ठरतं, हा एका वेगळ्या लेखाचा विषय आहे. मॅनेजर हे वाचत नाही अशी खात्री झाली की लिहीन.) दुसऱ्या शनिवारी मी नाशकात, बारकीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, हात मागे बांधून बुरशी बघत उभा होतो. हात मागे बांधून, कारण "दादा, कशालाही हात लावायचा नाही" अशी दारातच ताकीद मिळाली होती.

बारकी म्हणजे माझी चुलत बहीण, तात्यांची मुलगी. घरात सगळ्यात धाकटी म्हणून बारकी. आता एमएस्सी मायक्रोबायॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तरी बारकीच. महिन्यापूर्वी रात्री साडेअकराला तिने एक फोटो पाठवला. एक गोल प्लेट, अर्धी गर्द हिरवी, अर्धी मळकट पांढरी, आणि दोन्हींच्या मधोमध हळदीच्या रंगाची एक वाकडी रेघ. खाली तीन उद्गारचिन्हं. मी विचारलं, "पिझ्झा खराब झाला का?" पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

आज त्या रेघेबद्दल लिहायचंय. पण त्यासाठी आधी मे २०२१ मध्ये जावं लागेल. तिकडे जायला मला आवडत नाही, म्हणून लवकर आटपतो.

तेव्हा मला नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. ऑफिस बंद, मी नाशकात घरूनच काम करत होतो. एप्रिलमध्ये तात्यांना कोविड झाला आणि त्यातून ते उठलेही. साखर आधीपासूनची होती, त्यात स्टेरॉइड्स द्यावी लागली, त्यामुळे ती फार वाढली. घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी उजवा गाल सुजला. मग गालाला मुंग्या यायला लागल्या, मग दात दुखायला लागले. काकू म्हणाली, दाताच्या डॉक्टरला दाखवू. त्या डॉक्टरांनी दाताकडे नीट बघितलंही नाही. डोळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, आजच्या आज स्कॅन करा.

म्युकरमायकोसिस. पेपरातली 'काळी बुरशी'. खरं तर ही बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरते, पुढच्या भागाचं रक्त तुटतं आणि काळं पडतं ते आपलं मांस. हा आजार बहुतेक वेळा करते ती ऱ्हायझोपस नावाची बुरशी, आणि तिचीच एक सख्खी बहीण शिळ्या पावावर उगवते. तिचे बीजाणू हवेत असतातच. तुम्ही-मी श्वासातून घेत असतो आणि आपल्याला काही होत नाही. साखर आणि स्टेरॉइड्स मिळून दार उघडं टाकतात तेव्हा होतं.

मुख्य औषध एकच, ॲम्फोटेरिसिन बी. त्याचा लिपोसोमल प्रकार वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम द्यायचा. तात्या साठ किलोचे. म्हणजे दिवसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमची सहा इंजेक्शनं. रोज, आणि काही आठवडे. आणि नेमका त्याच दिवसांत देशभर त्याचा तुटवडा होता.

मी इंजिनियर माणूस. मला जे येतं तेच मी केलं. एक्सेल शीट बनवली. दुकान, गाव, फोन नंबर, किती वाजता फोन केला, काय म्हणाले. नाशिक, धुळे, नगर, औरंगाबाद, ठाणे, सुरत. ४१३ ओळी झाल्या. शेवटच्या कॉलमात 'नाही' हा शब्द इतक्यांदा होता, की नुसता 'न' टाइप केला की एक्सेल स्वतःच 'नाही' भरून द्यायचं.

इंजेक्शनं मिळाली, पण तुटक तुटक. कधी चार, कधी दोन, एक दिवस शून्य. मध्ये काही दिवस साधं, लिपोसोम नसलेलं ॲम्फोटेरिसिन द्यावं लागलं तर क्रिएटिनिन चढलं. ऑपरेशन झालं. उजवा डोळा काढावा लागला. तात्या राहिले.

बास.

त्या रात्री झोप यायची नाही, मग मी त्या औषधाबद्दल वाचत बसायचो. ते कुठून आलं माहितीये? व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या भागातल्या मातीतून. त्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस नोडोसस नावाच्या जिवाणूपासून हे औषध १९५५ साली वेगळं काढलं. १९५५! माझ्या बाबांचा जन्मही झाला नव्हता. त्याच्या जरा आधी, १९५० मध्ये, एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी निस्टॅटिन शोधलं होतं. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत, आणि नमुने बरण्यांत भरून पोस्टाने एकमेकींना पाठवायच्या. न्यूयॉर्क स्टेटवरून औषधाचं नाव निस्टॅटिन. मला वाचून बरं वाटलं, आणि रागही आला. एवढ्या वर्षांत फोन बदलला, बँक बदलली, सगळं बदललं, आणि तात्यांच्या सलाइनमध्ये अजून १९५५ सालचंच औषध? आमच्याकडे तीन वर्षं जुनी लायब्ररी वापरली तरी सिक्युरिटीवाले मेल पाठवतात.

हा राग मी बरीच वर्षं सांभाळून ठेवला होता. बारकीने तो फोडून सांगितला.

पहिलं कारण सोपं आहे. जिवाणू आपल्यापेक्षा फार वेगळे आहेत, त्यामुळे त्यांना मारेल पण आपल्याला फारसा धक्का लावणार नाही असं औषध सापडू शकतं. बुरशी मात्र नात्याने आपल्या बरीच जवळची आहे, झाडांपेक्षाही जवळची. तिच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल. दिसायला जवळजवळ सारखंच. ॲम्फोटेरिसिन अर्गोस्टेरॉलला धरतं, पण थोडंफार आपल्यालाही धरतं. तात्यांचं क्रिएटिनिन वाढलं ते यामुळे. म्हणून शरीराच्या आतल्या बुरशीवर चालतील अशा औषधांची घराणी आजही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

दुसरं कारण मला जास्त आवडलं. म्हणजे आवडलं नाही, पण पटलं. पण त्याआधी पिंपरीला एक थांबा घेऊ.

मी दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी पुण्याहून नाशिकला येतो. नाशिक फाट्याला बस पकडायची, मग भोसरी, चाकण, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर. (चाकणचं ट्रॅफिक हाही वेगळ्या लेखाचा विषय. ते यादीत जाऊ दे.) नाशिक फाट्याच्या अलीकडे पिंपरीला 'एचए कंपनी' लागते. पिंपरीत राहणारा कोणीही तिला याच नावाने ओळखतो. पूर्ण नाव हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. १९५४ ला स्थापना, १९५५ मध्ये पेनिसिलिनचं उत्पादन सुरू, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला सरकारी कारखाना. मी तिच्यासमोरून कित्येकदा गेलो असेन. माझ्या लेखी ते बसस्टॉपचं नाव होतं.

बारकीने सांगितलं की तिथे एम. जे. तिरुमलाचार नावाचे बुरशीशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिसपासून बुरशीविरोधी औषध काढलं. त्या जिवाणूचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. हो, आपली पिंपरी! आणि औषधाचं नाव हॅमायसिन, त्यातला 'हॅ' हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा. हे औषध ॲम्फोटेरिसिनच्याच घराण्यातलं. म्हणजे मी ज्या औषधासाठी ४१३ फोन केले, त्याचा चुलतभाऊ माझ्या बसस्टॉपवर सापडलेला होता.

मुंबईकरांनी वाईट वाटून घेऊ नये, त्यांचंही एक आहे. मुलुंडला हेक्स्ट कंपनीचं संशोधन केंद्र होतं. तिथल्या लोकांनी १९८७ मध्ये एका ॲस्परजिलस बुरशीपासून बुरशीविरोधी औषध काढलं, मुलुंडोकँडिन. २०१६ मध्ये ही बुरशी स्वतंत्र प्रजाती असल्याचं ठरलं आणि तिचं नाव झालं ॲस्परजिलस मुलुंडेन्सिस. दादर, ठाणे अजून वेटिंग लिस्टवर.

तर दुसरं कारण. चाळीस, पन्नास, साठच्या दशकांत जगभर हाच उद्योग चालू होता. माती आणायची, तिच्यातला एकेक जीव वेगळा काढायचा, आपापल्या प्लेटमध्ये एकटा वाढवायचा आणि त्याने काय बनवलं ते बघायचं. आधी भराभर सापडत गेलं. मग तीच तीच रसायनं पुन्हा सापडायला लागली. नवी माती, नवा जीव, आणि महिनोन् महिने राबून हाताला काय लागलं, तर दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणीतरी शोधलेलंच. हळूहळू मोठ्या कंपन्यांनी हा नाद सोडला. सगळ्यांना वाटलं विहीर आटली.

विहीर आटली नव्हती, हे कळलं जीनोम वाचता यायला लागल्यावर. २००५ मध्ये ॲस्परजिलस निड्युलन्स या बुरशीचा जीनोम प्रसिद्ध झाला. ही बुरशी प्रयोगशाळांत कित्येक दशकं वाढवलेली, अगदी घरातली. तिच्यात अशी रसायनं बनवणाऱ्या जनुकांचे पन्नासच्या वर गट निघाले. प्रयोगशाळेत ती प्रत्यक्षात बनवताना दिसत होती त्याच्या थोड्याच भागाची रसायनं. बाकीचे गट गप्प. जनुकं आहेत, धडधाकट आहेत, पण चालूच होत नाहीत.

हे वाचल्यावर माझ्या डोक्यात घंटा वाजली. कारण हे मी रोज बघतो. आमच्या प्रॉडक्टमध्ये हजारो ओळी अशा आहेत की ज्या कोणी चालू झालेल्या बघितल्याच नाहीत. नवीन मुलं येतात आणि म्हणतात, हा डेड कोड आहे, काढून टाकू. नाही बाबा. समोरून एका विशिष्ट बँकेच्या सिस्टिमकडून एक विशिष्ट मेसेज आला की तो चालतो. तू तुझ्या लॅपटॉपवर एकट्यालाच टेस्ट केलंस तर तो दिसणारच नाही. युनिट टेस्टमध्ये सगळं हिरवं, आणि दोन सिस्टिम जोडल्या की काय काय बाहेर येतं ते आम्हालाच माहीत!

बुरशीचंही तेच. तिला प्लेटमध्ये एकटीला ठेवलं. खायला बटाट्याचं सूप आणि साखर. शेजारी कोणी नाही, भांडण नाही, उपास नाही. ती कशाला शस्त्रं काढेल? मातीत तिचं आयुष्य असं नसतं. चिमूटभर मातीत शेकडो जातींचे जीव एकमेकांना खेटून, एकमेकांचं अन्न पळवत राहतात. ती गप्प जनुकं त्या दिवसांसाठी आहेत. मग आता लोक काय करतात, तर दोघांना एकाच प्लेटमध्ये वाढवतात आणि बघतात कोण काय काढतं ते. एवढी साधी कल्पना आहे.

आणि गंमत म्हणजे ही सुरुवातीचीच गोष्ट. १९२८ मध्ये फ्लेमिंगच्या प्लेटमध्ये जिवाणू होते, त्यात बाहेरून पेनिसिलियम येऊन बसलं आणि त्याच्याभोवतीचे जिवाणू विरघळले. म्हणजे पेनिसिलिनची ती प्लेटही दोघांचीच होती. पण त्यानंतर सगळ्यांनी एकेकट्याला वाढवायचा रस्ता धरला. त्याला कारणही होतं. एकच जीव असेल तर कोणी काय बनवलं यावर वाद राहत नाही आणि प्रयोग पुन्हा करता येतो. हे 'पुन्हा करता येणं' पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.

जर्मनीतल्या येना शहरातल्या संशोधकांनी २००९ मध्ये त्याच ॲस्परजिलस निड्युलन्सला मातीतल्या ५८ वेगवेगळ्या जिवाणूंबरोबर वाढवून बघितलं. ५८ पैकी एकाच जिवाणूने तिच्यातला एक गप्प गट जागा केला. तोही दोघं प्रत्यक्ष एकमेकांना चिकटले तेव्हाच. मध्ये पडदा ठेवून नुसतं पाणी एकमेकांकडे जाऊ दिलं तर काही नाही. त्याच येनामध्ये २००५ साली आणखी एक उलगडा झाला होता. भाताची रोपं मारणारं एक विष ऱ्हायझोपस बुरशी बनवते असा सगळ्यांचा समज होता. प्रत्यक्षात ते विष तिच्या पेशींच्या आत राहणारा एक जिवाणू बनवत होता! ऱ्हायझोपस, म्हणजे आमच्या तात्यांच्या वैरिणीचंच कुळ. जिला आपण एकटी समजत होतो ती एकटी नव्हतीच.

बुरशीसमोर बुरशी ठेवूनही हे चालतं. अमेरिकेतल्या ग्रीन्सबरोच्या एका गटाने २०१९ मध्ये ॲस्परजिलस फिशेरी आणि झायलेरिया क्युबेन्सिस अशा दोन बुरश्या आमनेसामने वाढवल्या आणि कुठल्या जागी कुठलं रसायन आहे ते त्या जिवंत प्लेटवरच मोजलं, थेट सीमेवर. यातली झायलेरिया ग्रिझिओफुल्विन बनवते. नाव ओळखीचं वाटत असेल तर तुम्हाला किंवा घरात कोणाला कधीतरी गजकर्ण झालं असणार. बरीच वर्षं त्यावर याच गोळ्या द्यायचे. बुरशीने दुसऱ्या बुरशीला मारायला बनवलेलं, ते आपण उसनं घेतलं.

आता बारकीची प्लेट.

ती नेमकी बुरशीच्या मागे लागली यावरून घरात एक छोटं महाभारत झालेलं आहे. काकूने स्पष्ट सांगितलं होतं, "या घरात त्या बुरशीचं नाव काढायचं नाही. दुसरा काय तो विषय घे." बारकी तिला उलट बोलली नाही, आणि विषयही बदलला नाही. तात्या मध्ये पडले नाहीत. एक दिवस फक्त विचारलं, "माती कुठली घेणार? आपलीच घे की."

तात्यांची दिंडोरीजवळ द्राक्षबाग आहे. बागेत एक निळा ड्रम असतो. त्यात २०० लिटर पाणी, गूळ आणि ट्रायकोडर्माची पावडर. ट्रायकोडर्मा ही बुरशीच, पण शेतकऱ्याच्या बाजूची. ती मर रोगाच्या, मूळकुजीच्या बुरश्यांना वेटोळं घालून खाते. नाशिक जिल्ह्यात द्राक्ष, डाळिंब, टोमॅटोवाल्यांना हे नाव पाठ असतं. ती दुसऱ्या बुरश्यांवर जगते हे वाइंडलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये दाखवलं. तात्यांना ते गावातल्या कृषी सेवा केंद्रवाल्याने दाखवलं. बुरशीने एक डोळा नेला तो माणूस दर महिन्याला ड्रममध्ये बुरशी ढवळतो. आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून मास्क आणि हातमोजे घालून, आणि शेणखताला स्वतः हात न लावता. मला हे विचित्र वाटायचं. त्यांना नाही वाटत.

बारकीने ड्रममधला ट्रायकोडर्मा घेतला, आणि बांधावरच्या बाभळीखालच्या मातीतून एकेक बुरशी वेगळी काढून नंबर दिले. त्यातली १७ नंबरची ही ती मळकट पांढरी. अजून नाव माहीत नाही. नाव काढायला ती पुण्याला आघारकर संशोधन संस्थेत पाठवायची आहे, तिथे देशाचा राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. १७ फार हळू वाढते आणि ट्रायकोडर्मा तीन-चार दिवसांत प्लेट व्यापतो. म्हणून १७ ला पाच दिवस आधी लावायचं. म्हणजे क्रिकेटच्या गल्लीतल्या नियमासारखं, लहान भावाला दोन बॉल जास्त.

प्रयोगशाळेत तिने प्लेटचं झाकण किंचित उचललं (तिने, मी नाही). वास आला तो चक्क ओल्या नारळाचा! ट्रायकोडर्मा असं एक रसायन बनवतो. मी म्हटलं मोदक करा. तिने माझ्याकडे बघितलं.

तीन प्लेट शेजारी ठेवल्या होत्या. एकीत नुसता ट्रायकोडर्मा, हिरवागार. दुसरीत नुसती १७. रेघ कुठेच नाही. तिसरीत दोघं, आणि मधोमध ती हळदीची रेघ. जिथे दोघं एकमेकांना भेटले बरोब्बर तिथेच, बाकी कुठे नाही. फोटोत बघणं वेगळं आणि समोर बघणं वेगळं. मी बराच वेळ बघत राहिलो.

"पण उड्या मारू नकोस," बारकी म्हणाली. "हे रंगद्रव्य कुठलंही असू शकतं. नेहमीचंच, आधी माहीत असलेलं." मग तिने पुढचं दाखवलं. तिन्ही प्लेटमधलं अगार कापून इथाइल ॲसिटेटमध्ये भिजवायचं, जे उतरेल त्याचे ठिपके एका पट्टीवर शेजारी शेजारी द्यायचे आणि पट्टी द्रावणात उभी करायची. शाळेत शाईचे रंग वेगळे करायचो तसंच. दिव्याखाली पट्टी धरली. पहिल्या रांगेत चार ठिपके, दुसऱ्या रांगेत तीन. तिसऱ्या रांगेत ते सातही होते आणि वर आणखी एक. आठवा.

मला आयुष्यात पहिल्यांदा मायक्रोबायॉलॉजी पूर्ण समजली. हा डिफ आहे! अ वजा करा, ब वजा करा, उरलं ते दोघांच्या भेटीतून आलेलं. मी हे तिला उत्साहाने सांगितलं. "दादा, हे आम्हाला पहिल्या सेमिस्टरला असतं," ती म्हणाली.

आठवा ठिपका काय आहे हे कळायला मोठी यंत्रं लागतात, ती तिच्या कॉलेजात नाहीत. बाहेर नमुन्यामागे पैसे भरून करून घ्यावं लागतं. त्यातून बहुधा जुनंच काहीतरी निघेल. हे ती स्वतःच म्हणते. कोणी बनवलं तेही ठरवावं लागेल, ट्रायकोडर्माने की १७ ने, की एकाने बनवलेलं दुसऱ्याने मोडून तिसरंच झालं. आणि नवीन निघालं तरी ते औषध नव्हे. बुरशीला मारतं का, माणसाला मारत नाही ना, इथून पुढे वर्षानुवर्षं. हे सगळं मला माहीत आहे. तरी मला त्या ठिपक्याकडे बघताना ४१३ ओळी आठवल्या. तिला काय आठवलं ते मी विचारलं नाही.

रविवारी आम्ही शेतावर गेलो. (आधी मिसळ. नाशिकला येऊन रविवारी मिसळ न खाणं हा गुन्हा आहे.) तात्या ओट्यावर बसले होते. बारकीने मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल डाव्या डोळ्याच्या जवळ नेला, जरा लांब नेला.

"हा तर बांध आहे," ते म्हणाले. "बांधाचं भांडण दिसतंय. ही पिवळी माती कोणाची?"

"तेच शोधतेय," बारकी म्हणाली.

"कोणाचीच नसती. दोघं भांडले म्हणून वर आली." मग जरा थांबून, "आपल्या शेजारच्याशी माझं बारा वर्षं बांधावरून चाललं होतं, तुला आठवत नसेल. इंजेक्शनं मिळंनात तेव्हा नगरहून चार तोच घेऊन आला होता. मोटरसायकलवर, रात्रीचा."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या शीटमध्ये त्या चार इंजेक्शनांसमोर फक्त 'मिळाली' लिहिलेलं आहे. काकू आतून चहा घेऊन आली, तिनेही फोटो बघितला. काही बोलली नाही, पण मोबाइल लगेच परतही दिला नाही.

आता ते 'पुन्हा करता येणं'. बारकीने पहिल्यांदा केलं तेव्हा रेघ आली. दुसऱ्यांदा केलं, आली. मी पुण्याला परतल्यावर गेल्या बुधवारी तिसऱ्यांदा केलेल्या प्लेट तिने उघडल्या. रेघ नाही. दोघं भेटले, ट्रायकोडर्मा १७ वर चढला, संपलं. आमच्या भाषेत 'माझ्या मशीनवर चालतंय'. फोनवर तिचा आवाज बसला होता. मग आम्ही डिबगिंगला बसलो. काय बदललं? तापमान तेच, २८. बुरशी तीच. बऱ्याच वेळाने सापडलं. पहिल्या दोन वेळी तिने खाद्य स्वतः बनवलं होतं, लिटरला २०० ग्रॅम बटाटे उकडून गाळून. तिसऱ्या वेळी घाई होती म्हणून बाटलीतली तयार पावडर. तेच कारण असेल असं नाही, पण एवढाच फरक सापडला. म्हणजे शेजारी कोण आहे याच्याबरोबरच जेवायला काय आहे यावरही ठरत असावं.

पुढच्या शनिवारी २४ प्लेट लावायच्यात. बारा बटाट्याच्या, बारा पावडरच्या. बटाटे सोलायचं काम मला मिळालंय, हात लावायची परवानगी तेवढ्यापुरती. नोंदींसाठी मी तिला एक शीट बनवून दिली. तारीख, खाद्य, तापमान, किती दिवसांनी भेटले, रेघ आली का. आतापर्यंतच्या तीन ओळी मीच भरल्या. हो. हो. तिसऱ्या ओळीत 'नाही' लिहिलं.

चौथी ओळ अजून रिकामी आहे. तिच्यात सहज 'न' टाइप करून बघितला तर शीटने लगेच 'नाही' पुढे केलं. मी ते ऑटोकम्प्लीट बंद करून टाकलं.